संवादांवाचून पटकथा : मूकपटासाठी लिहायला कसे शिकावे

मराठीत पटकथा लिहू पाहणारे बरेच जण एकांकिकेच्या वाटेने येतात. कान तयार झालेला असतो, टाळीचे वाक्य कुठे पडते हे ठाऊक असते आणि प्रसंग सुचतो तोच मुळी दोन माणसांच्या बोलण्यातून. अशा लेखकाने दहा मिनिटांचा मूकपट लिहायला घेतला की तो आधी नेहमीसारखी पटकथा लिहितो, मग तिच्यातले संवाद काढून टाकतो आणि जी भगदाडे पडतात ती हातवाऱ्यांनी बुजवतो. परिणामी पात्रे दमशेराज खेळत असल्यासारखी दिसतात आणि प्रेक्षक गोष्ट पाहण्याऐवजी कोडे सोडवत बसतो. मूकपट मुळापासून वेगळ्या रीतीने रचावा लागतो, आणि ती रीत एका प्रश्नातून निघते : प्रेक्षकाला या क्षणी जे कळायला हवे, ते कोणत्या कृतीत किंवा कोणत्या वस्तूत दिसेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्याच आहेत. त्या समजाव्यात म्हणून इस्त्रीवाल्याची एक छोटी गोष्ट सोबत रचत जाऊ.

कोणत्या प्रकारचे मौन, हे आधी ठरवावे

आज ‘सायलेंट फिल्म’ या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी बनतात. पहिली जुन्या मूकपटाच्या वळणाची. तिच्यात पडद्यावरच्या जगाचा कोणताही आवाज ऐकू येत नाही, पात्रे ओठ हलवून बोलतात, गरजेपुरत्या अक्षरांच्या पाट्या येतात आणि सोबतीला फक्त संगीत असते. दुसरी १९८७ च्या ‘पुष्पक’सारखी. तिच्यात रहदारी, दाराची कडी, वाजणारी घंटा हे सारे ऐकू येते. फक्त माणसे बोलत नाहीत.

हा फरक केवळ ध्वनिमुद्रकाच्या कामाचा नाही, तो पहिल्या ओळीपासून लेखनावर परिणाम करतो. दुसऱ्या प्रकारात दारामागे फोन वाजलेला ऐकू येतो, म्हणून तो दाखवावा लागत नाही. पण तिथे एक मोठी अडचण असते. आवाज ऐकू येणाऱ्या जगात दोन माणसे समोरासमोर आली आणि बोललीच नाहीत, तर प्रेक्षकाला ते खटकते. म्हणून लेखकाला प्रत्येक भेटीसाठी न बोलण्याचे कारण शोधावे लागते : मध्ये काच, मध्ये रस्ता, कोणी झोपलेले, कोणी रुसलेले. पहिल्या प्रकारात हा जाच नाही, कारण तिथली माणसे मुकी नसतात. ती भरपूर बोलतात, आपल्याला फक्त ऐकू येत नाही. नवख्या लेखकाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, आणि पुढचा मजकूर त्यालाच धरून आहे.

जुन्या काळी थिएटरही शांत नसे. पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणारे असत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूसही असे. संगीताचा आधार आजही आहेच. मात्र कागदावर ‘करुण संगीत’ असे लिहून प्रसंगातला दुबळेपणा झाकू नये. प्रसंग संगीताशिवाय उभा राहतो का, हे आधी पाहावे.

लिहिण्याआधी पाहणे

पाहणे म्हणजे एका प्रसंगाची पूर्ण चिरफाड करणे. त्यासाठी चॅप्लिनच्या १९३१ मधल्या ‘सिटी लाइट्स’ या मूकपटातला भटक्या आणि आंधळी फुलवाली यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग मी नेहमी सुचवतो. चॅप्लिनपुढची अडचण अशी होती : समोरचा फाटका भटक्या श्रीमंत माणूस आहे, असा त्या मुलीचा गैरसमज व्हायला हवा. मुलगी पाहू शकत नाही आणि प्रेक्षक ऐकू शकत नाही. मग गैरसमज होणार कशातून आणि तो प्रेक्षकाला कळणार कसा?

उत्तर मोटारीच्या दारात सापडले. रस्त्यावर मोटारी खोळंबल्या आहेत. पोलिसाला टाळण्यासाठी भटक्या एका आलिशान मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने पदपथावर उतरतो. दार लागते. दार लागताना आपल्याला दिसते, आवाज मुलीला येतो, आणि ती लगेच त्या दिशेला फूल पुढे करते. ती आंधळी आहे हे भटक्याला नंतर कळते, तेही फूल खाली पडल्यावर ती जमीन चाचपडू लागते तेव्हा. मग मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागते, मोटार निघून जाते, आणि ‘तो श्रीमंत माणूस’ उरलेले पैसे न घेताच गेला असे मुलीला वाटते. भटक्या मात्र तिथेच, पाऊल न वाजवता, उभा असतो. एकच दार दोनदा लागते आणि एवढ्यात अख्ख्या चित्रपटाचा पाया घातला जातो.

हा प्रसंग चॅप्लिनला सहज सुचला नव्हता. हाती पक्की संहिता न घेता, चित्रीकरण करता करताच प्रसंग बसवण्याची त्याची पद्धत होती. या एका भेटीसाठी शेकडो वेळा कॅमेरा चालवावा लागला आणि मधले कित्येक महिने गाडे अडून राहिले. त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, म्हणून हे परवडले. आपल्याला ही खटपट कागदावर करायची आहे, कारण कागद स्वस्त आहे.

सराव म्हणून कोणत्याही मूकपटातला दोन-तीन मिनिटांचा प्रसंग घ्यावा, संगीतही बंद करावे आणि प्रत्येक शॉटसाठी तीन रकाने भरावेत : कोण दिसते, काय करते, आणि त्यातून प्रेक्षकाला नवे काय कळते. तिसरा रकाना भरताना बऱ्याच गोष्टी उलगडतात. चांगल्या मूकपटात एका शॉटमधून सहसा एकच नवी गोष्ट कळते, आणि ती अशा क्रमाने येते की आधीच्या गोष्टीशिवाय तिला अर्थ नसतो. वर सांगितलेल्या प्रसंगात फूल पडण्याआधी मोटार निघून गेली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

मूकपटाला मानवणारी गोष्ट

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. त्याच्या पाट्या इंग्रजी आणि हिंदीत होत्या. पौराणिक विषय निवडण्यामागे बरीच कारणे असतील, पण लेखकाच्या नजरेने पाहिले तर त्या निवडीचा एक मोठा फायदा होता. हरिश्चंद्र कोण, विश्वामित्र काय मागतो, तारामतीवर काय प्रसंग येतो हे प्रेक्षकाला घरीच ठाऊक होते. पडद्याने फक्त ते घडवून दाखवायचे होते. तुमची गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे फाळक्यांना जी माहिती फुकट मिळाली, ती तुम्हाला चौकटीत कमवावी लागेल.

म्हणून विषय निवडताना काही प्रकार सरळ बाजूला ठेवावेत. कोर्टातला वाद, दहा वर्षांपूर्वीचे भांडण, ‘मी तुला हे आधीच सांगितले होते’ या जातीचा पश्चात्ताप, आणि ज्यात नातेच गुंतागुंतीचे आहे अशा गोष्टी. चुलत सासरे आणि मामेसासरे यांच्यातला फरक कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. साधी नाती दाखवण्यासाठी आपल्याकडे खुणा भरपूर आहेत : मंगळसूत्र, भाऊबीजेचे ताट, मुंडावळ्या, दारातल्या पाट्यांवरची एकच आडनावे. पण यांतल्या पहिल्या तीन खुणा मराठी डोळ्यांनाच कळतात आणि चौथीसाठी मराठी वाचता यावे लागते. लघुपट परदेशातल्या महोत्सवाला पाठवायचा असेल, तर केवळ त्यांवर विसंबून राहता येणार नाही.

चालणारी गोष्ट ओळखण्याची माझी कसोटी अशी. एका पात्राचा काही समज चुकीचा असावा किंवा एखादी गोष्ट त्याला ठाऊक नसावी. प्रेक्षकाला मात्र खरे काय ते दिसत असावे. आणि हा सगळा मामला एका वस्तूभोवती फिरत असावा. १९२४ चा जर्मन मूकपट ‘डेर लेट्‌स्ते मान’ याचे उत्तम उदाहरण आहे. आलिशान हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरवान झगझगीत बटणांचा कोट घालून रुबाबात उभा असतो. जड पेटी उचलून दमलेला तो जरा टेकतो, व्यवस्थापक ते पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असतो. म्हाताऱ्याला स्वच्छतागृहात कामाला धाडतात आणि कोट काढून घेतात. कोट अंगावरून उतरवताना एक बटण तुटून खाली पडते. नंतर घरच्या लग्नात शेजाऱ्यांना काही कळू नये म्हणून तो तोच कोट चोरतो. मान, अपमान, खोटेपणा हे सगळे एका कोटात आले आहे. याचा लेखक कार्ल मायर. त्याच्या पटकथा अगदी तोडक्या ओळींत, कधी एकेका शब्दाच्या ओळीत लिहिलेल्या असत आणि त्यांवरून चित्रपटाची लय कळे. दिग्दर्शक मुर्नाऊ आणि छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांच्या फिरत्या कॅमेऱ्याचे जेवढे कौतुक होते, तेवढे या लिहिण्याचे होत नाही.

दहा वाक्यांत गोष्ट

विषय ठरला की दृश्ये पाडण्याआधी संपूर्ण गोष्ट दहाच्या आसपास वाक्यांत लिहावी. अट अशी की प्रत्येक वाक्याचे क्रियापद कॅमेऱ्याला दिसणारे असावे. ‘ठरवतो’, ‘समजतो’, ‘आठवतो’, ‘पस्तावतो’ ही क्रियापदे चालणार नाहीत. ‘उचलतो’, ‘लपवतो’, ‘मोजतो’, ‘परत वळतो’ ही चालतील. आपली गोष्ट अशी होईल :

रस्त्याकडेच्या टपरीत एक इस्त्रीवाला चष्मेवाल्या गिऱ्हाइकाच्या चौकड्याच्या शर्टाला इस्त्री करतो. खिशात त्याला ओली, चुरगळलेली पाचशेची नोट सापडते. तो नोटेलाच इस्त्री करतो, कागदात बांधतो आणि पैशांच्या डब्यात ठेवतो. तो कपडे पोचवायला गेला असताना दूधवाला उधारी मागायला येतो आणि बायको डब्यातली नोट त्याला देऊन टाकते. इस्त्रीवाला परत येतो तर पुडीचा कागद शेगडीत जळत असतो. तो दिवसभराची कमाई मोजतो, शेजारच्या टपरीवाल्याकडून काही पैसे मागून घेतो आणि दहा-वीसच्या नोटा व नाणी मिळून पाचशे रुपये शर्टाच्या खिशात भरतो. घरी शर्ट घालताना गिऱ्हाइकाचा खिसा खुळखुळतो. ही इस्त्रीवाल्याची कमाई चुकून खिशात राहिली असे वाटून गिऱ्हाईक ते पैसे परत करायला येते. दोघे एकमेकांच्या हातात पैसे कोंबत राहतात.

इथे वस्तू कशी प्रवास करते ते पाहावे : ओली नोट, कडक नोट, पुडी, जळता कागद, चिल्लर, पुन्हा टपरी. वस्तूचा हा मार्ग वेगळ्या कागदावर काढून ठेवावा. एखाद्या टप्प्यावर ती वस्तू कुठे आहे हे तुम्हालाच सांगता आले नाही, तर प्रेक्षक तिथे हमखास चुकेल.

या गोष्टीत एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. इस्त्रीवाला नोट परत करणार आहे, की स्वतःसाठी ठेवणार आहे? डब्यात नोट ठेवणारा माणूस चोरही असू शकतो. संवाद असते तर तो बायकोला म्हणाला असता, ‘उद्या साहेब आले की देऊ.’ इथे काय करायचे? पुष्कळ नवे लेखक या जागी छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहणारा क्लोज-अप लिहितात. नटाच्या चेहऱ्यावर एवढा भार टाकू नये. उत्तर वस्तूतच शोधावे. शर्टाच्या कॉलरच्या आत गिऱ्हाईक ओळखण्याची खूण असते : एक फुली आणि दोन ठिपके. इस्त्रीवाला पुडीवर तीच खूण काढतो. एवढ्याने नोट कोणाची, तिचे काय होणार आणि माणूस कसा आहे, या तिन्ही गोष्टी कळतात.

दृश्याचे पान

आता प्रत्यक्ष लिखाण. स्थळ आणि वेळ वरच्या ओळीत द्यावी; मग एका शॉटइतक्या कृतीला एक ओळ. ‘कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो’ अशा सूचना जवळजवळ लिहूच नयेत. वाक्याची रचनाच अशी करावी की दूरचे काय आणि जवळचे काय हे आपोआप कळेल. ‘नोट’ एवढीच ओळ लिहिली की ती क्लोज-अपमध्येच डोळ्यांपुढे येते.

दृश्य ३. इस्त्रीची टपरी. दुपार.
इस्त्रीवाला चौकड्याच्या शर्टावर पाणी शिंपडतो. कोळशाची जड इस्त्री फिरवतो.
खिशापाशी इस्त्री अडते.
तो खिशात दोन बोटे घालतो. कागदाचा ओला गोळा बाहेर काढतो.
गोळा उलगडतो. ५०० चा आकडा.
तो रस्त्याकडे मान वळवतो. गिऱ्हाईक केव्हाच गेलेले. रिकामा रस्ता, एक कुत्रे.
नोट टेबलावर पसरतो. तिच्यावर रुमाल घालतो. वर इस्त्री ठेवतो. वाफ.
रुमाल उचलतो. नोट पापडासारखी कडक.
तो नोट उजेडात धरून पाहतो. जरा जास्तच वेळ पाहतो.
शर्टाची कॉलर उलटी करतो. एक फुली, दोन ठिपके.
वर्तमानपत्राचा तुकडा फाडतो. नोट त्यात बांधतो. कानामागची पेन्सिल काढतो.
पुडीवर एक फुली. एक ठिपका. थांबतो. दुसरा ठिपका.

या पानात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. आकडा वेगळा दाखवला, कारण कृष्णधवल चित्रणात पाचशेची करडी नोट आणि शंभरची जांभळट नोट सारखीच दिसते. ‘जरा जास्तच वेळ’ या तीन शब्दांत मोह आला. ‘त्याच्या मनात लोभ निर्माण होतो’ असे लिहिले असते तर नटाला काही करता आले नसते आणि दिग्दर्शकालाही. आणि पात्राला नाव दिलेले नाही. मूकपटात नाव ऐकू येत नाही, त्यामुळे पटकथेत ‘सदाशिव’ आणि ‘महादेव’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याचा घोळ तेवढा वाढतो. ‘इस्त्रीवाला’, ‘चष्मेवाला’, ‘दूधवाला’ हीच नावे बरी, कारण प्रेक्षकही त्यांना असेच ओळखणार आहे.

दृश्यातली माणसे बोलू द्यावीत, हेही ध्यानात ठेवावे. दूधवाला दारात येतो, वही उघडतो, बोट एका ओळीवर ठेवून तोंडाचा पट्टा सुरू करतो. तो काय म्हणतो हे लिहून ठेवण्याची गरज नाही. उधारी मागणारा माणूस काय बोलतो हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. जिथे बोलण्याचा आशय परिस्थितीवरून कळतो, तिथे ओठ हलू द्यावेत. जिथे तो कळत नाही, तिथे प्रसंग नव्याने रचावा. हातवारे हा तिसरा पर्याय मोहक असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आवाज, वेळ आणि न दिसणाऱ्या गोष्टी

आवाज दाखवायचा असेल तर दोन चौकटी लागतात : आवाज करणारी वस्तू आणि तो ऐकणारा माणूस. यांतली दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या गोष्टीत खिसा खुळखुळतो, म्हणजे शर्ट खुंटीवरून काढताना खिसा खाली ओढला जातो, आणि आरशासमोर उभे असलेले गिऱ्हाईक हात थांबवून छातीकडे पाहते. बाबुराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाबद्दल चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी सांगितलेली आठवण इथे देण्याजोगी आहे. त्यांच्या मनात राहिले होते ते एक अंधारे झोपडे आणि कुत्र्याचे भेसूर रडणे. मूकपटातले रडणे! चित्र नेमके असले की प्रेक्षक आवाज स्वतः पुरवतो आणि वर्षांनंतर तो ऐकल्याचे सांगतो. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरच्या त्या चित्रपटात सावकाराने नागवलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते.

वेळ गेल्याचे दाखवण्यासाठी घड्याळाचे काटे आणि कॅलेंडरची उडणारी पाने हे उपाय घासून गुळगुळीत झाले आहेत. त्याऐवजी त्याच जागेतली एखादी गोष्ट बदललेली दाखवावी : सकाळी कपड्यांचा ढीग डावीकडे, संध्याकाळी घड्या उजवीकडे. ‘त्याच वेळी दुसरीकडे’ हे दाखवण्यासाठी दोन जागांना जोडणारा धागा लागतो. इस्त्रीवाला सायकलवर कपडे घेऊन वळणावरून जातो आणि त्याच वळणावरून दूधवाला टपरीकडे येतो. एवढ्याने वेळ आणि दिशा दोन्ही कळतात. आठवणी आणि स्वप्ने पहिल्या पटकथेत घालूच नयेत.

पेंटर मुळात चित्रकार. पात्रांचे पोशाख, हालचाली यांची रेखाटने ते आधी काढत असत. लेखकाला चित्रकला येत नसली तरी चालेल, पण प्रत्येक दृश्याला एक चौकोन आखून माणूस कुठे आणि वस्तू कुठे एवढे काडीमाणसांनी दाखवावे. ज्या ओळीचे चित्र काढता येत नाही, ती ओळ बहुधा विचार सांगत असते, कृती नव्हे.

पाट्या

पाट्या सर्वांत शेवटी लिहाव्यात. पटकथा पाट्यांशिवाय पूर्ण करावी, मग जिथे खरोखरच अडते तिथेच पाटी द्यावी. पाट्या दोन प्रकारच्या असतात. एक निवेदनाची, जी स्थळ, काळ किंवा परिस्थिती सांगते. दुसरी बोलण्याची, जी पात्राचे शब्द देते. याशिवाय दृश्यातच असलेली अक्षरे असतात : पत्र, दुकानाची पाटी, वहीतला आकडा. ही तिसरी जात सर्वांत उपयोगी, कारण ती गोष्ट थांबवत नाही. वर सांगितलेल्या जर्मन मूकपटात मधली पाटी जवळजवळ नाहीच. कामावरून हलवल्याचे पत्र मात्र पडद्यावर वाचायला मिळते.

निवेदनाच्या पाटीने पुढच्या चौकटीत जे दिसणार आहे ते सांगू नये. ‘गरीब पण प्रामाणिक इस्त्रीवाला’ अशी पाटी आली की पुडीवरच्या खुणेची सगळी किंमत गेली. बोलण्याची पाटी ओठ हलू लागल्यानंतर येते आणि ती संपल्यावर पुन्हा त्याच चेहऱ्यावर यावे लागते, हे पटकथेत तसेच लिहावे : ओठ, पाटी, चेहरा. मराठीत एका पाटीवर बारा-चौदा शब्दांहून जास्त मजकूर ठेवू नये. किती वेळ ठेवायची हे ठरवण्यासाठी ती सावकाश दोनदा वाचून पाहावी. बोलण्याची भाषा पात्राची असावी. ‘आपली चलनी नोट माझ्याकडून गहाळ झाली’ असे कोणताही इस्त्रीवाला म्हणत नाही.

आपल्या गोष्टीत पाटीचा मोह शेवटी होतो. गिऱ्हाईक चिल्लर परत देते, इस्त्रीवाला घेत नाही, आणि हे पैसे गिऱ्हाइकाचेच आहेत हे कसे सांगायचे, असा प्रश्न पडतो. ‘साहेब, तुमच्या खिशात पाचशेची नोट होती’ ही पाटी चुकीची ठरणार नाही. पण तिच्याशिवायही मार्ग निघतो, फक्त त्याची तयारी मागे जाऊन करावी लागते. पाचव्या दृश्यात शेगडीतला जळता कागद इस्त्रीवाल्याने चिमट्याने ओढून काढला आणि अर्धा जळलेला तुकडा खिशात टाकला असे लिहावे. आता तो तुकडा तो पुढे करतो, गिऱ्हाइकाची कॉलर उलटतो आणि दोन्ही खुणा शेजारी धरतो. गिऱ्हाईक रिकाम्या खिशावर हात ठेवते आणि त्याला आठवते. पाटीची गरज उरली नाही. मूकपटातल्या बहुतेक अडचणी अशाच दोन दृश्ये मागे जाऊन सुटतात. जिथे अडते तिथेच घासत बसून वेळ जातो.

मोजणी आणि परीक्षा

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा संवादी पटकथेचा ठोकताळा इथे लागू पडत नाही. वरचे दृश्य अर्ध्या पानाचे आहे, पण नोटेला इस्त्री करणे नीट दाखवायचे तर ते सव्वा-दीड मिनिट खाईल. म्हणून प्रत्येक दृश्य स्वतः करून पाहावे आणि मोबाइलवर वेळ लावावी. जुन्या लेखकांना हा हिशेब रिळांत करावा लागे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात, त्यामुळे सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने १००० फुटांचे रीळ साधारण साडेसोळा मिनिटे चालते आणि बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने अकरा मिनिटांत संपते. जुने मूकपट तुरुतुरु धावताना दिसतात याचे मुख्य कारण हेच : कमी वेगाने घेतलेले चित्र नंतर जास्त वेगाने दाखवले गेले. तो मूकपटाचा स्वभाव समजून पटकथेत ‘झपझप’, ‘धावपळ’ असे शब्द पेरू नयेत.

परीक्षेसाठी पटकथा कोणाला वाचायला देऊ नये, कारण वाचणारा शब्द वाचतो. दोन-तीन मित्रांना घेऊन खोलीतच दृश्ये बसवावीत, मोबाइलवर आवाज बंद करून चित्रित करावीत आणि गोष्ट अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवावीत. मध्ये एक शब्दही बोलू नये. संपल्यावर ‘कळले का?’ असे विचारू नये, कारण भिडेपोटी सगळे हो म्हणतात. ‘काय घडले ते सांगा’ असे म्हणावे आणि तो सांगतो ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. एखाद्याने ‘बायकोने नोट चोरली’ असे सांगितले, तर तो चुकलेला नाही, पटकथा चुकली आहे. बायकोला पुडीवरची खूण माहीत नाही हे दिसले नाही. मग उधारीची वही आधी, डबा नंतर, आणि पुडी उघडताना तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद, असा क्रम बदलून पुन्हा दाखवावे. प्रत्येक वेळी प्रेक्षक नवा असावा; एकदा गोष्ट कळलेला माणूस परीक्षेच्या कामाचा राहत नाही.

अंतिम प्रतीसोबत दोन याद्या जोडाव्यात. एक, पाट्यांची, क्रमांक आणि दृश्यासह, म्हणजे दुसऱ्या भाषेत करायच्या झाल्या तर संकलकाला शोधाशोध करावी लागत नाही. दुसरी, वस्तूंची : कोणत्या दृश्यात कोणती वस्तू कोणत्या अवस्थेत आहे. आपल्या गोष्टीत चुरगळलेली नोट, कडक नोट, खुणेची पुडी आणि अर्धा जळलेला तुकडा असे चार नग होतील, आणि चित्रीकरण क्रमाने होत नसल्यामुळे पुड्या निदान पाच-सहा तरी बांधून ठेवाव्या लागतील. पटकथा बाहेर पाठवण्याआधी तिची नोंदणी करून घ्यावी. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांसाठी ही सोय देते. नोंदणीच्या प्रतीत दृश्यांच्या ओळींबरोबर ते काडीमाणसांचे चौकोनही घालावेत, कारण मूकपटात लेखकाचे काम निम्मे तिथेच असते.